कोणी नसलेल्या जागी

ऑस्ट्रेलियात जून, जुलै आणि ऑगस्ट हे हिवाळ्याचे महिने. आपल्याकडे भातलावणीची धांदल चालू असते तेव्हा तिकडे ॲडलेडसारख्या दक्षिणेच्या शहरांत पावसाची रिपरिप आणि बोचरा वारा असतो. शहर मागे टाकून उत्तरेला जावे, तसतसे आभाळ निवळत जाते. उन्हाळ्यात ज्या वाळवंटात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे हिवाळ्यात दिवसा वीस अंशांच्या आसपासचे कोवळे ऊन पडते. रात्री मात्र थंडी शून्याला टेकते. त्यामुळे मोटारीत तंबू टाकून भटकायला निघणारे लोक हाच ऋतू निवडतात. नोकरीतून निवृत्त झालेली कित्येक जोडपी महिनोन्महिने अशी रस्त्यावर असतात. त्यांना तिथे थट्टेने, पण आपुलकीने, ‘करड्या केसांचे भटके’ म्हणतात.

आमच्या धर्मग्रामातले एक जोडपे गेली वीस-बावीस वर्षे ॲडलेडला स्थायिक आहे. पती मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात काम करतात, पत्नी वृद्धांच्या शुश्रूषागृहात परिचारिका आहेत. मुले मार्गी लागल्यावर एका जुलैमध्ये दोघांनी सोळा दिवसांची रजा काढली. मोटारीत तंबू, ताडपत्रीच्या दोन वळकट्या, गॅसची शेगडी, पिण्याच्या पाण्याचे चार कॅन आणि दोन जादा चाके टाकली आणि मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरूच्या तांबड्या खडकापर्यंत, म्हणजे जायचेच सुमारे सोळाशे किलोमीटर, ती दोघे जाऊन आली. पुढे नाताळाला वसईला आली असता दोन-तीन संध्याकाळी त्यांनी मला हा प्रवास सविस्तर सांगितला. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा अधिकार नाही. तो देश मी पाहिलेला नाही. पण त्यांच्या बोलण्यात एक जुना नैतिक प्रश्न पुन्हापुन्हा डोके वर काढत होता. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

प्रश्न असा: जिथे कोणी नाही, तिथे माणसावर कोणाचे बंधन असते?

‘कोणी नाही’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, कोणी पाहत नाही. दुसरा, कोणी राहत नाही. या दोन अर्थांची गल्लत केल्यामुळे जगात किती अनर्थ झाला आहे, हे पुढे येईलच. आधी पहिला अर्थ घेऊ.

पहिल्याच दिवशी क्लेअर नावाच्या द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यातून त्यांचा रस्ता जात होता. या खोऱ्यात सेव्हनहिल येथे ऑस्ट्रियाहून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी 1851 साली वस्ती केली आणि मिस्सेच्या द्राक्षारसासाठी वेली लावल्या. तो मळा आजही चालू आहे. तिथून थोडे पुढे एका शेताच्या फाटकाशी लाकडी फळी होती. तिच्यावर अंडी, लिंबे, मुरंब्याच्या बाटल्या आणि जळणाच्या लाकडाच्या मोळ्या मांडलेल्या. पुठ्ठ्यावर भाव लिहिलेले, शेजारी फट असलेली पत्र्याची पेटी. दूरवर चिटपाखरू नाही. आपल्याला हवे ते घ्यावे आणि पैसे पेटीत टाकावेत. अशा पेट्या त्या देशात खेडोपाडी आढळतात. आपल्या या गृहस्थांना त्या नव्या नव्हत्या, तरी त्या दिवशी खिशात सुटे नसल्यामुळे त्यांना तिथे पाच मिनिटे उभे राहून विचार करावा लागला. अंड्यांच्या किमतीपेक्षा नोट मोठी होती. शेवटी त्यांनी नोट पेटीत टाकली आणि हिशेब जुळावा म्हणून चार लिंबे नि एक मोळी उचलली. पत्नी म्हणाल्या, “लिंबे आपल्याला नकोच होती.” यावर दोघे पुष्कळ हसली.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात लिडिया देशातल्या एका मेंढपाळाची कथा आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत फिरवला की तो अदृश्य होतो. मेंढपाळ राजवाड्यात शिरतो, राणीला फितवतो, राजाला मारून राज्य बळकावतो. ही कथा सांगणारा ग्लॉकॉन सॉक्रेटिसला विचारतो, अशी अंगठी मिळाल्यावर सज्जन आणि दुर्जन यांच्यात काही फरक उरेल का? सेमिनरीत असताना आम्हा विद्यार्थ्यांना हा प्रश्न फार गहन वाटे. क्लेअरच्या शेतकऱ्याने तो अंड्यांच्या फळीवर रोज मांडून ठेवला आहे, आणि त्याचे उत्तर त्याला रोज संध्याकाळी पेटी उघडल्यावर मिळते.

मात्र त्यांनी सांगितलेला एक तपशील मला फार आवडला. पेटी खांबाला जाड स्क्रूंनी ठोकलेली होती आणि तिला कुलूप होते. याचा अर्थ असा, की हा शेतकरी येणाऱ्या-जाणाऱ्यावर डझनभर अंड्यांपुरता विश्वास टाकतो. दिवसभराच्या गल्ल्यापुरता टाकत नाही. मनुष्यस्वभावाविषयी याहून समतोल विधान मी पंडितांच्या ग्रंथांत क्वचितच वाचले आहे. माणूस इतका बिघडलेला नाही की प्रत्येक लिंबावर पहारा हवा, आणि इतका सुधारलेलाही नाही की कुलूप काढून टाकावे. मर्यादा ओळखून टाकलेला विश्वास टिकतो. कुलूप बघून कोणाला अपमान वाटला, असे त्यांनी कधी ऐकले नाही.

पुढे पोर्ट ऑगस्टा सोडल्यावर मनुष्यवस्ती विरळ होत जाते. तिथून थेट उत्तर किनाऱ्यावरील डार्विनपर्यंत स्टुअर्ट महामार्ग जातो. लांबी सुमारे 2700 किलोमीटर. त्यावर ग्लेंडँबो ते कूबर पेडी या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या टप्प्यात एकही गाव लागत नाही. पन्नास मीटरहून लांब, तीन-तीन डब्यांचे ट्रक समोरून येतात तेव्हा लहान गाडी वाऱ्याने हलते. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर उतरतात. म्हणून शहाणी माणसे सूर्यास्तापूर्वीच मुक्काम गाठतात. या रस्त्यावर समोरून येणारा अनोळखी चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो. गाडी बिघडून कोणी थांबलेला दिसला, तर त्याला विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा तिथला अलिखित दंडक आहे. गृहस्थ म्हणाले, “फादर, विरारच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली की देव पावला, तिथे बोट कोण उचलणार?” यात वसईकरांची निंदा नाही. माणसे विरळ झाली की प्रत्येक माणसाचे मोल वाढते, एवढेच. कूबर पेडीला या दोघांनी जमिनीखाली कोरलेले कॅथोलिक मंदिर पाहिले. ओपल या रत्नासाठी 1915 पासून खणत आलेल्या या गावात उन्हाळ्याच्या दाहापासून वाचण्यासाठी कित्येक लोक भुयारी घरांतच राहतात, आणि संत पेत्र व पौल यांचे मंदिरही त्याच पद्धतीने खडकात आहे.

इथपर्यंत सारे गोड वाटते. ‘कोणी पाहत नाही’ या कसोटीला त्या देशातला साधा माणूस बऱ्यापैकी उतरतो. आता दुसऱ्या अर्थाकडे वळतो, आणि इथे गोडवा संपतो.

कूबर पेडीच्या आधी दोन दिवस ती दोघे फ्लिंडर्स पर्वतरांगेत होती. क्वॉर्न ते हॉकर या रस्त्यालगत माळावर दगडी घरांचे भग्नावशेष उभे आहेत. छपरे गेलेली, धुराडी शाबूत. त्यांची कथा अशी. 1865 साली जॉर्ज गॉइडर नावाच्या सर्व्हेअर जनरलने घोड्यावरून फिरून नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, तिथे नांगर धरू नये, असा त्याचा निर्वाळा होता. पुढच्या दशकात काही वर्षे पाऊस चांगला पडला. लोक गॉइडरला हसले. नांगरामागोमाग पाऊस येतो, असे म्हणू लागले, आणि रेघ ओलांडून त्यांनी घरे बांधली, गहू पेरला. 1880 च्या दशकात दुष्काळ आला आणि त्यांना घरे टाकून परतावे लागले. प्रवासी आज हे अवशेष पाहून हळहळतात. आपल्या या बाईंनीही एका चुलीपाशी उभे राहून त्या घरातल्या गृहिणीसाठी मनोमन प्रार्थना केली.

मुक्कामाच्या ठिकाणी एका माहितीफलकावर त्यांनी वाचले की हा मुलूख अद्न्यामतन्हा लोकांचा आहे, आणि ते इथे हजारो वर्षे राहत आले. नांगर न धरता. कोणते झरे कधी आटतात, कोणत्या ऋतूत कुठे जावे, हे त्यांना गॉइडरच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. त्यांची दगडी धुराडी नव्हती, म्हणून त्यांच्या घरांचे अवशेष उरले नाहीत. म्हणून कोणी हळहळतही नाही. परत तंबूत आल्यावर बाई पतीला म्हणाल्या, “ज्यांची चूल आपल्याला दिसली त्यांच्यासाठी मी प्रार्थना केली. ज्यांची दिसली नाही ते आठवलेच नाहीत.”

ही न दिसण्याची गोष्ट किरकोळ नाही. तिच्यावर एक राज्य उभे आहे. 1770 साली कॅप्टन कुकने पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावे जाहीर केला. 1788 साली पहिली वसाहत झाली. 1834 साली ब्रिटिश संसदेने दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापण्याचा कायदा केला, त्यात तिथली जमीन ओसाड आणि निर्मनुष्य असल्याचे म्हटले होते. लंडनमध्ये बसून तिचे तुकडे विकले गेले. 1889 साली प्रिव्ही कौन्सिलने एका निकालात ऑस्ट्रेलियाची भूमी वसाहतीच्या वेळी जवळजवळ रिकामी होती, असे धरले. हा समज कायद्यात थेट 3 जून 1992 पर्यंत टिकला. त्या दिवशी टोरेस सामुद्रधुनीतल्या मरे बेटावरील एडी माबो आणि त्यांच्या सोबत्यांनी दहा वर्षे लढवलेल्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले की ती भूमी बेवारस नव्हती. इंग्रज येण्यापूर्वीच तिला मालक होते. एडी माबो निकालापूर्वी काही महिनेच, जानेवारीत, वारले. प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जेरार्ड ब्रेनन यांचे पुत्र फ्रँक ब्रेनन हे येशूसंघीय धर्मगुरू असून आदिवासींच्या हक्कांसाठी त्यांनी पुष्कळ लेखन केले आहे, हे आपल्या वाचकांना जाणून बरे वाटेल.

‘रिकामे’ या शब्दाने काय काय साधते याचे आणखी एक उदाहरण त्याच प्रवासात, महामार्गाच्या पश्चिमेला काहीशे किलोमीटरवर होते. मारलिंगा नावाच्या जागी ब्रिटनने 1956 आणि 1957 या दोन वर्षांत सात अणुस्फोट केले, आणि लहान चाचण्या 1963 पर्यंत चालू ठेवल्या. जागा रिकामी म्हणून निवडली होती. तिथल्या आदिवासींना आधी तिथून हलवावे लागले. रिकाम्या जागेतून माणसे हलवावी लागतात, हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा वाचून पाहिले.

आमच्या नीतिशास्त्राच्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. 1539 साली सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को द व्हिटोरिया या डॉमिनिकन धर्मगुरूने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयी व्याख्याने दिली. ते लोक आपल्या भूमीचे खरेखुरे मालक आहेत, असे त्याने स्पष्ट सांगितले. सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची होते खरी, पण ती बेवारस असेल तरच. आणि त्यांना आम्ही शोधले म्हणून जर त्यांची भूमी आमची होत नसेल, तर त्यांनी आम्हाला शोधले असते तेव्हा जेवढा हक्क त्यांना मिळाला असता तेवढाच आम्हाला मिळतो, असा त्याचा युक्तिवाद. इतके चोख बोलूनही त्याने एक दार उघडे ठेवले. प्रवाशाचा हक्क. कोणाला इजा न करता परमुलखात हिंडण्या-राहण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि तो नाकारला गेला तर बळाचा वापरही न्याय्य ठरू शकतो, असे त्याने म्हटले. जिंकणाऱ्यांना एवढी फट पुरेशी होती.

आपल्या घरातलेही सांगायला हवे. 1455 साली पोप निकोलस पाचवे यांनी एका आज्ञापत्राने पोर्तुगालच्या राजाला नव्याने शोधलेल्या मुलखांवर हक्क बहाल केला. त्या हक्काच्या आधाराने निघालेली गलबते पुढे आपल्या किनाऱ्याला लागली, आणि 1534 साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली. आमच्या आजच्या नावांचा, आडनावांचा आणि श्रद्धेचा इतिहास या धाग्यात गुंफलेला आहे. तो धागा ओढून काढता येत नाही, आणि मला तो काढायचाही नाही. व्हॅटिकनने 30 मार्च 2023 रोजी एका निवेदनाद्वारे या ‘शोधाच्या सिद्धांता’चा अव्हेर केला. पाचशे अडुसष्ट वर्षांनी.

आता उलुरूची गोष्ट.

कूबर पेडीपासून सातशेहून अधिक किलोमीटर गेल्यावर सपाट माळातून 348 मीटर उंचीचा तो एकसंध खडक उभा राहतो. 1873 साली एका गोऱ्या सर्वेक्षकाने त्याला ‘एअर्स रॉक’ हे नाव दिले. 26 ऑक्टोबर 1985 रोजी सरकारने तो त्याच्या मूळ मालकांना, अनंगु लोकांना परत केला; अनंगुंनी तो उद्यानासाठी नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला दिला. खडकावर चढू नका, अशी विनंती ते प्रवाशांना फलकावरून वर्षानुवर्षे करत होते. विनंती होती, बंदी नव्हती. हजारो लोक चढत राहिले. 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद झाली, आणि बंद होणार हे जाहीर होताच आधीच्या महिन्यांत चढणाऱ्यांची रीघ लागली. विनंतीला मान देणे आणि बंदीला मान देणे यांतले अंतर त्या रांगेत मोजता आले असते.

आपले जोडपे गेले तेव्हा चढण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी खडकाभोवतीची दहा किलोमीटरची प्रदक्षिणा पायी केली. काही भागांत छायाचित्रे घेऊ नयेत असे फलक आहेत. त्यांनी घेतली नाहीत. रात्री ती उद्यानाबाहेर, वीस किलोमीटरवरच्या तळावर आली. थंडी कडाक्याची होती. काडेपेटी शोधताना बाईंनी पतीच्या जाकिटाच्या खिशात हात घातला, तेव्हा अंगठ्याएवढा तांबडा दगड हाताला लागला.

तो कशासाठी, हे गृहस्थांनी मला सांगितले तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. त्यांची आई ऑस्ट्रेलियाला कधी येऊ शकली नाही. मुलगा कोणत्या मातीत राहतो हे तिला पाहायचे होते. तो दगड वसईच्या कबरस्तानात तिच्या कबरीवर ठेवायचा होता.

तंबूत भांडण झाले. हलक्या आवाजात, कारण शेजारी तंबू होते. ते म्हणाले, “लाखो दगड पडले आहेत. एकाने कोणाचे काय कमी झाले?” त्या म्हणाल्या, “कोणाचे, हे तुम्ही उचलण्याआधी विचारायचे.” ते म्हणाले, तिथे कोणी नव्हते विचारायला. यावर बाई काही बोलल्या नाहीत. हे वाक्य आपण गेले आठ दिवस फलकांवर वाचत आलो आहोत, एवढेच त्यांच्या मनात आले.

आमच्या जुन्या नीतिग्रंथांत चोरीच्या वस्तूचे मोल लहान असेल तर दोषही लहान मानला आहे. हे सूत्र मला मान्य आहे. नाहीतर जगणे अशक्य होईल. पण त्याच ग्रंथांत दोन पुरवण्या आहेत. एक, लहान चोऱ्यांची बेरीज होते. दुसरी, मोल ठरवताना ज्याची वस्तू त्याच्या बाजूने पाहावे. अनंगुंच्या दृष्टीने तो खडक आणि त्याच्या भोवतीची भूमी हा त्यांचा नियमशास्त्राचा ग्रंथ आहे. त्यातले पुष्कळसे ते परक्यांना सांगतही नाहीत. पान फाडून नेणाऱ्याने कागदाचा भाव सांगू नये.

उद्यानाच्या कचेरीत दरवर्षी टपालाने दगड परत येतात. जगभरातून येतात, सोबत माफीची पत्रे असतात. त्यांना तिथे ‘सॉरी रॉक्स’ असे नावच पडले आहे. कित्येकांनी लिहिलेले असते, की दगड नेल्यापासून घरात आजारपण आले, धंदा बसला, तेव्हा हा शाप परत घ्या. मला या पत्रांविषयी संमिश्र भावना आहेत. अपशकुनाच्या धास्तीने परत केलेली वस्तू परत येते, यात वाद नाही. पण तिच्यामागे मालकाचा विचार नसतो, स्वतःच्या सुखरूपतेचा असतो. उद्यानातल्या लोकांपुढे तर वेगळीच अडचण आहे. दगड कुठून उचलला हे पत्रात नसते, त्यामुळे तो ठेवायचा कुठे? तो परत आला तरी त्याला जागा राहिलेली नसते.

बाईंना हे ठाऊक होते. म्हणून त्यांचा आग्रह एकच होता, की सकाळीच परत जायचे, जागा आठवते आहे तोवर. दुसऱ्या दिवशी ॲलिस स्प्रिंग्जला जाण्याचा बेत त्यांनी अर्धा दिवस पुढे ढकलला. गृहस्थांनी एका वाकड्या झाडाच्या खुणेने जागा शोधली आणि दगड ठेवला. प्लेटोचा तो मेंढपाळ एकटा होता, याकडे मी पूर्वी लक्ष दिले नव्हते. घरी गेल्यावर अंगठी कुठून आणली असे विचारणारे कोणी त्याला होते की नाही, हे ग्लॉकॉन सांगत नाही. लग्नसंस्कारात दोघे एकमेकांना जी वचने देतात त्यांत ‘मी तुझे खिसे तपासीन’ असे कलम नाही, हे ठीकच आहे. पण सुखदुःखाच्या सोबतीत ते येते.

परतफेडीचे शास्त्र आम्ही शिकलो ते सोपे होते. वस्तू शिल्लक असेल तर तीच द्यावी, नसेल तर मोल द्यावे, मालक नसेल तर वारसाला द्यावे. दगडाला हे लागू पडते. भूमीचे काय? 1992 च्या निकालाने मूळ मालकी मान्य केली, पण जिथे सरकारने जमीन खासगी मालकीने देऊन टाकली तिथे ती मालकी संपली, असेही ठरवले. शिवाय दावा करणाऱ्यांनी भूमीशी आपले नाते परंपरेने अखंड राहिल्याचे सिद्ध करायला हवे. मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांचा दावा 2002 साली सर्वोच्च न्यायपीठाने याच कारणाने फेटाळला. त्यांच्या परंपरेचा धागा एकोणिसाव्या शतकातच तुटला, असे खालच्या न्यायालयाने ठरवले होते. तो धागा त्यांनी आपणहून तोडलेला नव्हता. ज्यांच्याकडून अर्धे घेतले त्यांना अर्धे परत मिळू शकते. ज्यांच्याकडून सारे घेतले त्यांचा दावाच उभा राहत नाही. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मी समजू शकतो. पण या रेघेच्या कोणत्या बाजूला न्याय आहे, ते मला सांगता येणार नाही.

शेवटच्या संध्याकाळी बाईंनी विचारले, “फादर, मग आमचे घर कोणाचे?”

ॲडलेड ही काउर्ना लोकांची भूमी. या दोघांचे तिथे तीन खोल्यांचे घर आहे; कर्ज फेडायला वीस वर्षे लागली. मी त्यांना शास्त्रातले उत्तर दिले. सद्भावनेने, मोल देऊन, कायद्याने घेतलेली वस्तू धारण करणारा दोषी नाही. त्या म्हणाल्या, सद्भावना म्हणजे ठाऊक नसणे ना? आता तर ठाऊक आहे. गृहस्थ मात्र चिडले. आपण कोणाला लुबाडले नाही, आपल्या बापजाद्यांनीही तिथे कोणाला लुबाडले नाही, आपण कातडीच्या रंगाने ओळखले जाणारे परके होऊन तिथे गेलो आणि घाम गाळून उभे राहिलो, असे ते म्हणाले. 14 ऑक्टोबर 2023 रोजी आदिवासींना संसदेपुढे बोलणारे मंडळ घटनेत द्यावे की नाही यावर जनमत घेतले गेले, तेव्हा बाईंनी होकार दिला आणि त्यांनी नकार. घटनेने जन्मावरून माणसांत भेद करू नये, असे त्यांचे म्हणणे. सुमारे साठ टक्के मतदारांनी नकारच दिला. एकाही राज्यात होकार झाला नाही. त्यांचा युक्तिवाद मला पोकळ वाटला नाही. तो मांडणारा माणूस दगड ठेवायला परत गेला होता, हेही मी विसरलो नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत एक विलक्षण कागद उपलब्ध आहे. भूमीला ओसाड ठरवणाऱ्या कायद्याला दोन वर्षे होण्याच्या आतच, 19 फेब्रुवारी 1836 रोजी, राजा विल्यम चौथे यांच्या सनदेत असे कलम घातले गेले, की मूळ रहिवाशांचा आणि त्यांच्या वंशजांचा आपल्या भूमीवरील ताबा व उपभोग याला बाधा येऊ नये. म्हणजे भूमी रिकामी असल्याचा कागद आणि तिथे लोक असल्याचा कागद एकाच कचेरीत ठेवलेले होते. विक्री पहिल्या कागदाप्रमाणे झाली. 2018 साली न्यायालयाने काउर्ना लोकांचा हक्क शहराच्या परिसरातल्या मोजक्या तुकड्यांवर मान्य केला.

अलीकडे त्या बाईंचे पत्र आले. तिकडे काही लोक मूळ रहिवाशांच्या संस्थांना दरवर्षी स्वखुशीने रक्कम देतात आणि तिला ‘भाडे’ म्हणतात. बाईंनी तसे करायचे ठरवले. वीस वर्षे हप्ते भरलेल्या घराचे भाडे आपण देणार नाही, असे पती म्हणाले. पैशाला त्यांची हरकत नाही, शब्दाला आहे. गेल्या जुलैपासून दोघांच्या खात्यातून रक्कम जाते. कशापोटी, हा रकाना त्यांनी अजून कोरा ठेवला आहे.